विषमतेची खूण

३ मार्च

वही नवी, नोकरी नवी, डोकं मात्र तेच जुनं. आजपासून मी खुणांच्या कोशात कामाला लागले. ज्यांना ऐकू येत नाही त्यांची जी हातांची भाषा असते, तिचा हा कोश. एकेका शब्दाची खूण शोधायची, चार जणांना विचारून पक्की करायची आणि कॅमेऱ्यासमोर टिपून ठेवायची. सहा महिने बघणार, जमलं तर ठेवणार. मुलाखतीत विचारलं, ही भाषा कुठे शिकलात? म्हटलं, पाळण्यात. माझ्या आईला जन्मापासून ऐकू येत नाही.

या भाषेत माणसाचं नाव कागदावरचं नसतं, दिसण्यावरचं असतं. आई म्हणजे तीळ, हनुवटीवरचा. मी वेणी. केस कापून वीस वर्षं झाली तरी वेणीच. दादा म्हणजे दात. पुढे आलेले दात त्याने तार लावून मागे नेले, पण नाव काही मागे गेलं नाही. कोशाचे प्रमुख मिशी. त्यांनाही ऐकू येत नाही. कॅमेरा सांभाळते ती गालखळी, तिलाही नाही. कचेरीत ऐकू येणारी मी एकटी. मिशींना मी मनात 'तुम्ही' म्हणते, पण हातांच्या भाषेत तू आणि तुम्ही एकच, बोट समोरच्याकडे. पहिल्या दिवशी साहेबाला 'तू' म्हणायची मजा वाटली.

माझ्या वाट्याला 'व' आलाय. तीस शब्द, पाच आठवडे. वजन, वळण, वाफ, वारसा, विषमता. प्रत्येक शब्दाला एक तक्ता भरायचा: अर्थ, उगम, वापर. उगम म्हणजे ही खूण कुठून आली. वापर म्हणजे एक वाक्य, कुणीतरी खरोखर केलेलं. मिशींची अट एकच. म्हणाले, "खूण बनवायची नाही. शोधायची. बनवायला बसलीस तर तुझं आणि माझं भांडण."

४ मार्च

वजन, वळण, वाफ एका दिवसात उरकले. विषमता जड जाणार असं दिसतंय.

जाडा कोश काढून बसले. वि अधिक सम. सम म्हणजे सारखं, जोडीला जोड असलेलं. वि लागला की जोडी फुटते, आणि फुटता फुटता स चा ष होतो. आमच्या गल्लीच्या तोंडाला पाटीच आहे, सम तारखेला गाड्या डावीकडे, विषम तारखेला उजवीकडे. गणितात विषम संख्या, दोन-दोनच्या जोड्या लावल्या की एक उरणारी. जुनी माणसं विषमज्वर म्हणायची. आकडा विषम, ताप विषम, हे कळलं. माणसांत हा शब्द कधी शिरला, ते काही कळलं नाही.

मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लिहून फ्रिजवर चिकटवली, म्हणजे येता-जाता डोक्यात राहील. आईने ती अक्षर-अक्षर लावत वाचली आणि डोळे मोठे करून विचारलं, "विष? कुणी घेतलं?"

मी हसत सुटले. म्हटलं, विष नाही गं, वि वेगळा, सम वेगळा. मग स चा ष कसा होतो ते सांगायला गेले आणि अडकले. तिला स काय नि ष काय, दोन्ही सारखेच गप्प. इतक्यात कुकरची शिट्टी झाली. मी माझी नेहमीची खूण केली, तळहात खाली, हवेत दोनदा थोपटायचा. नंतर सांगते.

७ मार्च

आज आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. महिनाभर ती स्टुलाला अडखळत होती, दाराच्या कडेला खांदा आपटत होती. मला वाटलं वय झालं. काचबिंदू निघाला.

डॉक्टर माझ्याशी बोलत होते. चांगली दहा मिनिटं बोलले, माणूस भला आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेकडेने खाल्ली जाते. समोरचं दिसत राहतं म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेलं परत येत नाही. राहिलेलं राखायचं तर सकाळ-संध्याकाळ थेंब, जन्मभर, एक दिवस चुकवायचा नाही. आई माझ्या शेजारी बसून आळीपाळीने त्यांच्या तोंडाकडे आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. मान फार वळवावी लागत होती तिला. मधेच तिने गुडघ्याला ढोसलं, "काय म्हणतात?" मी म्हटलं, नंतर सांगते.

बाहेर आल्यावर तिने पुन्हा विचारलं. आणि माझ्या हातांनी काय केलं? धूळ. "डोळ्यात धूळ जाते. थेंब घालायचे. बरं होईल." का केलं असं, मलाच ठाऊक नाही. काचबिंदूची खूण मला येते. येत नव्हती असं म्हणायलाही जागा नाही.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "बरं केलंस. घाबरेल ती. तिचं सगळं जगणंच डोळ्यांवर, आणि तेच जाणार म्हणून सांगायचं? सावकाश सांगू." खरं आहे त्याचं. मी फोनवर असताना आई समोरच बसली होती. "दात? काय म्हणतो?" म्हटलं, नंतर सांगते.

पण काळजीपोटीच केलं ना मी?

११ मार्च

विषमतेची खूण मिशींपुढे नेली. दोन हात, एक वर, एक खाली. मला वाटलं, झालं काम.

मिशी म्हणाले, "हे उंच आणि बुटका. झाड आणि झुडूप. झाडाने झुडपाचं काय घेतलंय?"

वाफ आणि वारसा मात्र पास झाले.

१५ मार्च

दुसरी खूण, तराजू. एक पारडं खाली. मिशी म्हणाले, "हा भाजीवाला." तिसरी, सारखं याच्या उलट, म्हणजे दोन बोटं जवळ आणून दूर न्यायची. ते म्हणाले, "हे वेगळं. टोपी वेगळी, चप्पल वेगळी. म्हणून चप्पल रडते का?"

मग जरा मऊ होऊन त्यांनी समजावलं. वेगळेपणा हा दोन वस्तूंमध्ये असतो, त्यात कुणाचं काही जात नाही. विषमता दोघांच्या मध्ये घडते. कुणीतरी ती करतं, कुणाला तरी ती लागते. "तुझ्या तिन्ही खुणांत माणूसच नाही, वेणी. नुसत्या उंच्या आहेत." म्हटलं, मग अन्याय म्हणू? तर म्हणे, अन्याय करणाऱ्याला बहुतेक वेळा माहीत असतं. इथे माहीत नसतं. डोकं गरगरायला लागलं. पालथ्या घड्यावर पाणी, आणि घडा मीच.

१६ मार्च

रविवार. दादा, वहिनी जेवायला. दादाने त्याच्या साहेबाची अशी काही नक्कल केली की वहिनीला ठसका लागला. मी तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आईने माझा हात ओढला, "काय? काय?" नक्कल हातांनी सांगायला बसलं की तिची चव जाते, म्हणून म्हटलं, दादाच्या साहेबाची गंमत, नंतर सांगते. आईसुद्धा हसली. जरा उशिरा हसली, पण मनापासून हसली. फार समजूतदार आहे ती, तिचं काही मागणंच नसतं.

ताटं उचलताना वहिनी म्हणाली, "आईंना सांगितलंत का हो डोळ्यांचं?" दादा म्हणाला, "सांगू गं." आई तिथेच ताट धरून उभी होती. आम्ही हळू आवाजात बोललो. नंतर लक्षात आलं, आवाज कशाला हळू केला?

२२ मार्च

थेंबांची बाटली हातात घेतली तर जवळजवळ भरलेली. मी सकाळी कामाला जाते, थेंब आई स्वतः घालते. विचारलं तर म्हणाली, "धूळ गेली. आठ दिवस झाले, बंद केले. औषध उगाच कशाला घालायचं?"

आता तरी सांगायला हवं होतं. तोंड उघडलं, म्हणजे हात उघडले, आणि म्हणाले, "धूळ परत येते. रोज घाल."

"परत येते?"

"हो."

मग उठून तिने घरातल्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या.

२४ मार्च

घरात नुसती घुसमट. आई दिवसातून चार वेळा कपाटं पुसते. खिडक्यांच्या फटीत कापडाच्या पट्ट्या कोंबल्यात. मी एक खिडकी उघडली की ती मागून येऊन लावते आणि मलाच रागावते. "डोळे माझे आहेत, तुझं काय जातं?"

आता हे निस्तरू कसं? एका धुळीने मला पार मातीत घातलं.

२९ मार्च

पुन्हा डॉक्टर. दाब चढलाय. डाव्या डोळ्याची कड आणखी गेली. डॉक्टर पहिल्यांदाच चिडले. "तुम्ही त्यांना नीट समजावून सांगितलं नाही का?"

"सांगितलं," मी म्हटलं. तोंडाने. ते आईला ऐकू गेलं नाही याचं मला त्या क्षणी बरं वाटलं. लिहितानाही लाज वाटते, पण वाटलं.

मी 'नंतर सांगते'ची खूण केली. आणि बाहेर आल्यावर आईने विचारलंच नाही. जन्मात पहिल्यांदा. रिक्षात बसून ती रस्ता बघत होती. मला सुटल्यासारखं झालं. आता दोन्ही वेळचे थेंब मी स्वतः घालणार, मग सांगितलं काय, न सांगितलं काय.

हल्ली ती स्वयंपाकघरात जाताना भिंतीला हात लावून जाते. संध्याकाळी तिने खिडक्या उघडल्या. सगळ्या. का, ते मी विचारलं नाही.

२ एप्रिल

एकोणतीस शब्द झाले. एक राहिलाय. मिशी म्हणाले, "आपण कचेरीत बसून शोधतोय म्हणून सापडत नाही. जुन्या माणसांना बोलाव. तीळला आण."

आई आणि मिशी एकाच शाळेत होते, दोन वर्गांच्या अंतराने. म्हटलं, तिला बरं नाही. ते म्हणाले, "डोळे ना? परवा बाजारात भेटली. मी कडेला उभा राहून हात हलवत होतो, तिला दिसलोच नाही. काय झालंय?" मी सांगू लागले आणि मधेच थांबले. आईला जे सांगितलं नाही ते मिशींना कसं सांगायचं? म्हटलं, धूळ.

मिशींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "शनिवारी आण तिला."

५ एप्रिल

आज जे झालं ते क्रमाने लिहिते. नाहीतर माझा माझ्यावर विश्वास राहणार नाही.

निळा पडदा, दोन दिवे, मध्ये खुर्ची. आईने चांगली साडी नेसली होती. गालखळी कॅमेऱ्यामागे. मिशी आईच्या अगदी समोर, तिला दिसेल असे. मी बाजूला माईक धरून, कारण खुणा करणारा जे बोलेल ते मी तोंडाने मराठीत म्हणायचं, ते ध्वनिमुद्रित होतं. आमच्या कामाचा नियम असा की दुभाष्याने 'त्या म्हणतात' असं म्हणायचं नाही. समोरचा मी म्हणाला की आपणही मी म्हणायचं.

मिशींनी चिठ्ठी दाखवली. आई म्हणाली, "विष नाही. माहीत आहे मला." सगळे हसले. मिशींनी अर्थ सांगितला, "एकाच टेबलाशी बसलेली माणसं. एकाला सगळं मिळतं, दुसऱ्याला तुकडा. भांडण नाही, मारामारी नाही. तरी तुकडाच. याला तू काय म्हणतेस?"

आईला विचार करावा लागला नाही. तिने तोंड अर्धं दुसरीकडे वळवलं, कुणा तिसऱ्याकडे बघत असल्यासारखं. आणि तळहात खाली करून हवेत दोनदा थोपटला.

मला वाटलं ती मिशींना थांब म्हणतेय. मी माईकमध्ये म्हणाले, "नंतर सांगते." आणि वाट बघत राहिले.

गालखळी कॅमेरा सोडून टेबल बडवायला लागली. हसत होती आणि डोळे पुसत होती. मिशींनी डोळे मिटून घेतले. मग ते म्हणाले, "माझा थोरला भाऊ एक बोट वर करायचा. पेपरातून मान न काढता." गालखळी म्हणाली, "आमचे हे चिमूट दाखवतात, विशेष काही नाही, एवढंसंच." आणि तिघांनी आपापल्या घरातला तो हात पुन्हा पुन्हा करून दाखवला. तिघांनाही दुसऱ्याचा ताबडतोब कळत होता. मला कळायला वेळ लागला. तो तोंड वळवून थोपटलेला हात माझा होता. मी तो कधी पाहिलाच नव्हता, कारण करताना मी दुसरीकडे बघत असते.

मिशी म्हणाले, "वापर?"

आईने कॅमेऱ्याकडे बघून सावकाश सांगितलं, आणि मी ते माझ्या तोंडाने म्हटलं.

"डॉक्टर दहा मिनिटं बोलले. मी घड्याळ बघितलं. माझ्या मुलीने मला एक शब्द दिला, धूळ. मी खिडक्या लावल्या, कपाटं पुसली. घरात धूळ नव्हती. मग मी डॉक्टरांचं तोंड आठवलं, मुलीचं तोंड आठवलं. धुळीसाठी कुणाचं तोंड तसं होत नाही. माझी मुलगी चांगली आहे. ती मला सगळं देते. फक्त सांगत नाही."

'माझी मुलगी चांगली आहे' इथपर्यंत मी म्हणू शकले. पुढचं म्हणताना आवाज फुटला. खोलीत तो ऐकणारी मी एकटीच होते.

६ एप्रिल

काल घरी आल्यावर आईला खिडकीपाशी, उजेडात बसवलं. शेजारी नाही, समोर बसले. हात तिच्या तोंडासमोर धरून डॉक्टरांची दहाही मिनिटं सांगितली, दोन्ही वेळची. काचबिंदूची खूण केली तेव्हा तिने डोळे मिटले नाहीत. मीच मिटले.

"गेलेलं परत येतं?"

"नाही."

"राहिलेलं?"

"थेंब चुकले नाहीत तर बरंच राहील."

तिने बोटं मोजली. "पंधरवड्यातले आठ दिवस मी घातले नाहीत."

"माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे," ती म्हणाली. मला वाटलं होतं ती म्हणेल जाऊ दे. ती नाही म्हणाली. मग तिचे हात जे सुटले ते मी आयुष्यात पाहिले नव्हते, एवढे मोठे, एवढे भरभर. "मी लहान मूल आहे? साठ वर्षं तुकडे खाल्ले. तू पोटात असताना मी म्हणायचे, हे मूल तरी मला सगळं सांगेल. माझे कान तू, असं म्हणायचे. आणि तूही!" मी रडत होते. तिने माझी हनुवटी धरून तोंड वर केलं, कारण खाली बघितलं तर मला तिचं ऐकू येणार नाही. रडणंही तिने मला धड रडू दिलं नाही.

मग म्हणाली, "दाताला फोन लाव. तोंड दिसणारा." दादाला खुणा धड येत नाहीत. ती बोलली, मी सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. दोन शिव्या होत्या, त्यासुद्धा. दादा म्हणाला, "ही खरंच असं म्हणतेय का तू घालतेस पदरचं?" तेही मी आईला सांगितलं. त्यावर तिसरी शिवी आली.

७ एप्रिल

तक्ता भरून दिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. फक्त कळसा काखेत नव्हता, हातात होता. अर्थ लिहिला. वापर आईचाच. उगम या रकान्यापाशी बराच वेळ पेन अडलं. शेवटी लिहिलं, 'ऐकू येणाऱ्यांची घरं. हा नमुना नोंदवणारीचं स्वतःचं.' मिशींनी वाचलं आणि खाली सही केली.

ही खूण कोशात राहील. कितीतरी मुलं ती माझ्या हाताच्या वळणाने शिकतील. याला मान म्हणायचं की शिक्षा, काही ठरत नाही.

१९ एप्रिल

डॉक्टरांकडे. या वेळी मी खुर्ची उचलून डॉक्टरांच्या शेजारी नेली आणि आईच्या समोर बसले. ते दचकले, पण चालवून घेतलं. आईने सात प्रश्न विचारले. सातवा असा होता की त्यांना पुस्तक उघडावं लागलं. दाब उतरलाय. डावा जेवढा गेला तेवढा गेला.

मिशीही आले होते. आईचं ऐकून त्यांनी आपलेही डोळे तपासून घ्यायचं ठरवलं. मी औषधं घेऊन परतले तर दोघं बाकावर समोरासमोर वळून बसलेली, हात नुसते उडत होते. आई हसता हसता पुढे वाकली, मिशींनी मांडीवर थाप मारली. मला मधल्या खांबामुळे निम्मंच दिसत होतं. माझी वेणी दिसली, धूळ दिसली, मग काहीतरी डॉक्टरांचं, आणि पुन्हा हसू.

मी जवळ जाऊन विचारलं, "काय? काय झालं?"

आईने मिशींवरची नजर न हलवता तळहात खाली केला आणि हवेत दोनदा थोपटला.

रिक्षात विचारलं. घरी आल्यावर विचारलं. जेवताना पुन्हा विचारलं. तिने थेंब घालून घेतले आणि डोळे मिटून स्वस्थ बसली. अजून सांगितलेलं नाही.